‘बॅकडोर’ला चोरदरवाजा म्हणावे का?

प्रश्न (बडोदे): कूटबद्ध संदेश सरकारला वाचता यावेत म्हणून सॉफ्टवेअरमध्ये ठेवलेल्या वाटेला कोणी ‘मागचे दार’ म्हणते, कोणी ‘चोरदरवाजा’. आमच्या ग्रंथालयाच्या अंकासाठी लेख लिहिताना कोणता शब्द घ्यावा?

उत्तर १: ‘चोरदरवाजा’ उत्तम आहे, पण तो सरसकट वापरू नये, असे माझे ठाम मत आहे. गडाची चोरदिंडी निदान गडकऱ्याला ठाऊक असते. येथे ज्याचे संदेश, त्यालाच तिचा पत्ता नसतो. संदेश कूटबद्ध करणाऱ्या किल्ल्या ज्यांपासून बनतात त्या यादृच्छिक (अंदाज न येणाऱ्या) संख्या तयार करणारी ‘ड्युअल ईसी डीआरबीजी’ ही पद्धत २००६ साली अमेरिकी मानकात आली, आणि तिच्यातील दोन स्थिर बिंदूंमधले गणिती नाते ज्याला माहीत असेल त्याला पुढच्या संख्या आधीच काढता येतील, हे २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टमधील दोन संशोधकांनी दाखवून दिले. आरएसए या संगणक-सुरक्षा कंपनीने आपल्या उत्पादनात हीच पद्धत मूळ निवड म्हणून ठेवावी, यासाठी एनएसए या अमेरिकी गुप्तचर संस्थेशी १ कोटी डॉलरचा करार झाला होता, असे वृत्त रॉयटर्सने डिसेंबर २०१३ मध्ये दिले. कंपनीने जाणूनबुजून दोष ठेवल्याचा इन्कार केला. पुढे ती पद्धत मानकातून वगळण्यात आली. असा दोष हेतुपुरस्सर ठेवलेला असेल, तर त्याला ‘चोरदरवाजा’च म्हणावे.

फोनवरचे संभाषण कूटबद्ध करणाऱ्या, १९९३ च्या ‘क्लिपर चिप’चे तसे नव्हते. प्रत्येक चिपच्या किल्लीचे दोन भाग दोन सरकारी यंत्रणांकडे राहतील, हे अमेरिकी सरकारने उघडपणे जाहीर केले होते. तेथे ‘अनामत किल्ली’ म्हणावे.

उत्तर २: पहिल्या भागाशी सहमत आहे, ‘अनामत’ मात्र मला खटकते. अनामत ठेवणारा ती परत मागू शकतो. क्लिपरमधली किल्ली वापरणाऱ्याने ठेवलेली नव्हती आणि ती परत मागण्याची सोयही नव्हती, म्हणून ‘सरकारी ताब्यातील किल्ली’ असे सरळ लिहावे. राज्यकारभाराच्या संज्ञांचा बहुभाषिक कोश १९३१ साली ज्या बडोद्यात निघाला, तेथे तरी एवढी काटेकोर निवड व्हावी.

आपल्याकडच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६९ आणखी वेगळे आहे. त्याखाली केंद्र किंवा राज्य सरकार, किंवा त्यांनी खास अधिकार दिलेला अधिकारी, कूटबद्ध माहिती उलगडून देण्याचा आदेश काढू शकतो. त्याला ‘उकल-आदेश’ म्हणता येईल. ज्या सेवेत किल्ली फक्त वापरणाऱ्याच्या फोनवर असते, तेथे कंपनीजवळ उलगडण्यासारखे काही नसते. म्हणून लेखात ‘आदेश’ आणि ‘दरवाजा’ एकमेकांच्या जागी येऊ देऊ नयेत.