मदत हवी आहे: नाशिकमध्ये मोठ्या माणसांच्या ऑटिझमवर काम करणारं, मराठीत बोलणारं कोणी आहे का?

नमस्कार मंडळी. वय ३७, अंबड एमआयडीसीत क्वालिटीला आहे, घर इंदिरानगरला. तीन दिवस लिहून खोडतोय, आता जसं येईल तसं टाकतो.

दोन वर्षांपूर्वी भाच्याला ऑटिझम निघाला. ताई तो प्रश्नांचा फॉर्म भरत होती, मध्येच मला फोन करून म्हणाली अरे हे सगळं तू करायचास, शर्टाचं लेबल कापल्याशिवाय घालायचा नाहीस, एसटीचे नंबर वहीत उतरवायचास. मग मी वाचत सुटलो. आमच्या वेळी पोरगा हुशार पण तिरसट, विषय संपला.

त्रास असा की कंपनीत आठ तास नॉर्मल माणसाची अ‍ॅक्टिंग करून (याला मास्किंग म्हणतात) घरी आलो की तासभर तोंडातून शब्द फुटत नाही, आईला वाटतं माझं नि बायकोचं भांडण झालंय. गणपतीत तर विचारूच नका, नाशिक ढोलाचा अख्ख्या गावाला अभिमान आणि मी कानात बोळे घालून बाथरूममध्ये. सहा महिन्यांपासून रविवारीसुद्धा अंथरुणातून उठवत नाही. हे डिप्रेशन की ऑटिस्टिक बर्नआउट (सतत मास्किंग करून पार गळून जाणं) की दोन्ही, मला ठरवता येत नाही.

दोन ठिकाणी जाऊन आलो. पहिल्या ठिकाणी "डोळ्यात बघून बोलताय, लग्न झालंय, कसला ऑटिझम" आणि होमवर्क काय, तर रोज पाच अनोळखी लोकांशी बोला. मी केलं, पंधरा दिवस, वहीत नोंद ठेवून, ७५ लोक. मग तापच आला.

दुसऱ्या मॅडम ऑनलाइन, इंग्रजीत, स्वभावाने चांगल्या. पण दर वेळी भावनांचा चार्ट दाखवून यातलं काय वाटतंय विचारायच्या आणि मी अंदाजाने कशावरतरी बोट ठेवायचो. माझ्याकडे मुळात एकच शब्द आहे, "कसंतरीच होतंय". त्यात भूक, राग, ट्यूबलाइटची गुणगुण, उद्याचं ऑडिट सगळं आलं. बायको त्यावरून विचारते, जेवलास का, कोणी काही बोललं का, आवाज होता का, आणि बरोब्बर सापडतं. असं विचारणारं माणूस हवंय, म्हणून मराठी.

इथे चार सेंटरना मेसेज केले, सगळीकडे फक्त लहान मुलं. यूकेच्या नाइस संस्थेच्या २०१२ च्या गाइडलाइनमध्ये लिहिलंय की मोठ्या ऑटिस्टिक लोकांना सीबीटी (विचार आणि वागणं यांवर काम करणारी बोलण्याची थेरपी) देताना लिहून, चित्र काढून दाखवा, उपमा कमी वापरा, मध्ये ब्रेक द्या. म्हणजे मी काही लाड मागत नाहीये ना? आणि थेरपीआधी रीतसर निदान लागतं का? सर्टिफिकेट नकोय, २०१६ च्या दिव्यांग कायद्यात ऑटिझम आहे हे माहितीय, पण कंपनीत सांगायची हिंमत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर अपॉइंटमेंट देणारं असेल तर फार बरं, फोन लावायचा म्हटलं की माझा दिवस जातो.

प्रतिसाद
दादा, माझ्या भावाचं असंच होतं, निदान त्याचं चाळिशीत झालं. निदानासाठी थांबू नका, थेरपी त्याआधीही सुरू करता येते. पण उठवतच नाहीये म्हणताय तर एकदा सायकियाट्रिस्टला दाखवाच, डिप्रेशन असेल तर त्याचे उपचार वेगळे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जाणार असाल तर आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी बघून घ्या. आणि हे वर लिहिलंय ना, तेच प्रिंट काढून पहिल्या सेशनआधी पाठवा, भावाने तेच केलं होतं. वाचून "आपण आय कॉन्टॅक्टवर काम करू" असं उत्तर आलं तर जाऊच नका. अगदीच असह्य झालं तर टेली-मानस (सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन) १४४१६, फुकट आहे, मराठीतही बोलतात. फोन नको वाटेल, तर वहिनींना लावायला सांगा.

धागाकर्ता
ताई, धन्यवाद. सायकियाट्रिस्टचं बघतो. प्रिंटमध्ये ट्यूबलाइट बंद करता येईल का हेही लिहू का, की जरा जास्तच होईल?

प्रतिसाद
लिहा की. आमच्या वेळी त्यांनी बंद करून टेबललॅम्प लावला होता.