मदत हवी आहे: निळ्या-पांढऱ्या चिनी बरणीचा काळ कसा ठरवायचा?

वारशात आलेली पोर्सलीनची बरणी आहे. उंची २४ सेंमी, पोट गोल, झाकण लाकडी आणि उघडच नंतरचे. तडकलेल्या बर्फासारख्या निळ्या नक्षीवर प्लमची पांढरी फुले. तळाला दुहेरी निळ्या वर्तुळात खांगशी सम्राटाची (१६६२–१७२२) चार अक्षरी मुद्रा. मुद्रेवर भरवसा नाही, कारण १९व्या शतकाच्या उत्तरार्धात नेमक्या अशाच बरण्यांवर ती सर्रास लिहिली जाई. 'चायना' असा शिक्का नाही, पण तो अमेरिकेत जाणाऱ्या मालावर १८९१पासून लागू लागला. बाकीच्या मालाबद्दल त्यावरून काहीच कळत नाही.

दहापट भिंगातून पाहिले. तळकडेची (बरणी ज्यावर टेकते त्या खालच्या कडेची) झीज असमान आहे, म्हणजे मुद्दाम घासून जुनी केलेली वाटत नाही. टिचकी मारली की आवाज बद्द येतो. गळ्याला ३ सेंमीची केसासारखी चीर आहे. अतिनील दिव्याखाली डागडुजीचा वेगळा रंग कुठे दिसला नाही. थर्मोल्युमिनेसन्स चाचणी (भाजलेल्या मातीचे वय काढणारी) नको, तिला भोक पाडून नमुना घ्यावा लागतो. बरणी धुतलेली नाही, धुणारही नाही. तळ, तळकड आणि गळ्याची आतली बाजू यांचे उन्हातले फोटो देऊ शकतो.

विकायची नाही, विम्यासाठी मूल्य हवे आहे. तळकडेची घडण, चकाकीचा थर नसलेल्या उघड्या मातीचा पोत आणि निळ्याची छटा यांपैकी कशावरून खांगशी आणि क्वांगश्यू सम्राटाच्या (१८७५–१९०८) काळातला फरक सर्वांत खात्रीने कळतो? आणि विम्यासाठी चिरेसकट लिलावातला भाव धरावा, की तशीच बरणी दुकानातून घ्यायला लागेल ती किंमत?