ग्रुपवर काड्या करणाऱ्यांना तुम्ही कसं आवरलंत? अनुभव लिहा

एक ॲडमिन, औसा तालुका (धागा सुरू करतोय)

राम राम. आमच्या गावच्या शेतीग्रुपचा मी बऱ्याच वर्षांपासून ॲडमिन आहे. एक गोष्ट मनातून जात नाही. ती आधी सांगतो, मग तुमचे अनुभव मागतो.

२०२२ च्या जुलैत लातूर, बीड, धाराशिवकडं गोगलगायींनी सोयाबीन खाल्लं, ते शेतकऱ्यांना आठवत असेल. दुपानी रोप संध्याकाळी उभं असायचं आणि सकाळी बघावं तर नुसती काडी. त्या दिवसांत एका रात्री साडेआठला आमच्यातल्या एका पोरानं बॅटरीच्या उजेडात काढलेला फोटो टाकला. "काका, आता काय करू?" तीन एकर रान, बियाणं सगळं उधारीवर आणलेलं. दहा मिनिटांत आमच्या कृषी सहायकांनी नीट उत्तर लिहिलं. गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून बांधाच्या कडेनं जागोजाग टाका, रात्रीतून गोगलगायी त्याखाली गोळा होतात, ऊन वर यायच्या आत वेचून मिठाच्या पाण्यात बुडवा. विषारी गोळ्या टाकणार असाल तर कुत्री-कोंबड्या लांब ठेवा.

त्याच्या खाली लगेच एकाचा मेसेज आला. "साहेब ऑफिसात बसून पगार घेतात, यांना गोगलगाय माहिती आहे का?" माणूस गावातलाच, नोकरीला पुण्याला. मग त्यानं मागच्या पंचवार्षिकातला रस्ता काढला, रस्त्यावरून भावकी काढली, भावकीवरून जात काढली. आणि मी त्याला उत्तरं देत बसलो. मला वाटत होतं की मी गावाची बाजू घेतोय. दीड तासात दीडशेच्या वर मेसेज पडले. गुळाच्या पाण्याचा मेसेज कुठल्या कुठं वर गेला. पोरानं मोबाइल उघडला तेव्हा त्याला फक्त भांडण दिसलं, त्यानं बंद करून ठेवला. सकाळी मी त्याच्या रानात गेलो. तासच्या तास मोकळे होते आणि ढेकळांवर गोगलगायींचे ते वाळलेले, चकचकीत पट्टे. पोरगं बांधावर बसलं होतं. कृषी सहायक दुसऱ्या दिवशी ग्रुप सोडून गेले, एक शब्द बोलले नाहीत.

मी त्या माणसाला काढलं. त्यानं आठवडाभरात दुसरा ग्रुप काढला, निम्मं गाव तिकडं गेलं. वडीलधाऱ्यांनी मध्ये पडून त्याला परत घ्यायला लावलं. आता पेरणी ते काढणी, रात्री आठ ते सकाळी सहा फक्त ॲडमिनच लिहू शकेल असं ठेवतो. प्रश्न मला खासगीत येतात, मी ते उत्तरासकट टाकतो. काम चालतं, पण पहिल्यासारखी बोलाचाली राहिली नाही. तुमच्याकडं काय लागू पडलं, काय फसलं, सगळं लिहा. कुणाचं नाव, नंबर टाकू नका.

शिक्षिका, परभणी

"दुर्लक्ष करा ना ताई" हे मी दोन वर्षं ऐकलं.

आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर नव्वद जण, त्यात आम्ही अकरा जणी. कुणी बाईनं साधं विचारलं की अहवाल कोणत्या नमुन्यात द्यायचा, तरी एका सरांचा दुहेरी अर्थाचा विनोद ठरलेला. त्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. हळूहळू आम्ही लिहिणंच सोडलं. एकमेकींना फोन करून विचारायचो. म्हणजे ग्रुप नव्वद जणांचा नावापुरता, आम्ही अकरा जणी त्याच्या बाहेरच.

मग मला रात्री उशिरा खासगीत मेसेज यायला लागले. मी एकदाच, स्पष्ट लिहिलं, "मला खासगी मेसेज करू नका." त्यानंतर एक अक्षर उत्तर दिलं नाही. हे एक वाक्य लेखी असणं फार महत्त्वाचं, सगळ्या मैत्रिणींनी लक्षात ठेवा. ब्लॉक केल्यावर तीन वेगळ्या नंबरांवरून पुन्हा तेच. प्रत्येकाचा नंबर आणि वेळ दिसेल असा फोटो ठेवला, सगळं संभाषण स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवलं. पोलीस ठाण्यात पहिल्यांदा सांगितलं गेलं, "मॅडम, ब्लॉक करून टाका." मी उठले नाही. नको म्हणून सांगितल्यावरही पुन्हा पुन्हा संपर्क करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली पाठलागाचा गुन्हा आहे, संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे, असं कागदावर लिहूनच नेलं होतं. तक्रार घेतली गेली. सरांना बोलावलं आणि मेसेज थांबले.

मला जास्त लागलं ते हसणाऱ्यांचं. त्यातले दोघं नंतर घरी आले, "चुकलं" म्हणाले. मी म्हटलं, जिथं हसलात तिथं लिहा. एकानं लिहिलं.

ऊसतोड कामगार, बीड जिल्हा

(हे बाईंनी बोलून पाठवलं, ऐकून जसंच्या तसं लिहितोय. – ॲडमिन)

आमच्या टोळीचा ग्रुप हाय. कारखान्यावर गेल्यावर कोण कुटं उतरलंय ते कळावं म्हणून केलता. लिहायला कुणालाच धड येत न्हाई, समदे बोलूनच पाठवत्यात. एकजण रोज राती पिऊन शिव्या टाकायचा. लेकरं मोबाइल घेऊन बसत्यात, ती ऐकायची. आमी बायांनी कोपीवर बसून ठरवलं, त्याचं कुणीबी उघडायचंच न्हाई. पाठवलेलं कुणी ऐकलं न् कुणी न्हाई ते पाठवणाऱ्याला दिसतंय ना! आठ दिस एकीनंबी, एकानंबी ऐकलं न्हाई. गप झाला. दारू सुटली न्हाई त्याची, पण ग्रुपवर गप झाला.

वकील, छत्रपती संभाजीनगर

ॲडमिन मंडळी घाबरून माझ्याकडं येतात, "कुणी काहीही टाकलं तर आत मीच जाणार का?" म्हणून सांगतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये, गोंदिया जिल्ह्यातल्या २०१६ च्या एका गुन्ह्यात, हे स्पष्ट केलंय. सभासदानं आक्षेपार्ह मजकूर टाकला म्हणून ॲडमिन आपोआप दोषी ठरत नाही. त्याचा तसा समान हेतू किंवा आधी ठरवून केलेला बेत दिसला पाहिजे. २०२२ मध्ये केरळ उच्च न्यायालयानंही तसंच म्हटलं.

तेव्हा भीतीपोटी ग्रुप बंद करू नका. पण हातातलं तरी करा. २०२२ पासून व्हॉट्सॲपवर ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेजही सगळ्यांसाठी डिलीट करता येतो. करण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा, नाहीतर पुरावा तुमच्याच हातानं जातो. अशिलं अर्धी कामं इथंच बिघडवतात.

आणि नुसतं "मला त्रास झाला" एवढ्यावर गुन्हा होत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं, आणि ते बरंच झालं असं माझं मत. धमकी, बायकांना छळणं, जातीधर्मांत तेढ लावणं याला वेगळी कलमं आहेत. फाटे फोडणाऱ्याला मात्र कायदा नाही, ते तुमचं तुम्हालाच निस्तरावं लागतं.

निलंगा

आमच्याकडं तीस सप्टेंबर ही तारीख सांगावी लागत नाही. १९९३ चा भूकंप, पहाटे तीन छप्पन्न. माझी आई त्या पहाटे किल्लारीजवळ माहेरी होती, मातीच्या भिंतीखालून तिला दुपारी काढलं.

२०२२ च्या सप्टेंबरात आमच्या तालुक्यात हासोरीला जमिनीतून आवाज येऊ लागले. लोक आधीच धास्तावलेले. तेवढ्यात आमच्या ग्रुपवर एकानं ऑडिओ टाकला, "आज रात्री अडीचला मोठा येणार, मशीनवर दिसलंय." भूकंपाची वेळ आधी सांगणारं मशीन जगात कुठंच नाही. पण रात्री दहा वाजता हे कोण कुणाला सांगणार? आई गोधडी घेऊन अंगणात गेली. वरून भुरभुर पाऊस. आत ये म्हटलं तर म्हणाली, "बाबा, तू तवा नव्हतास." मी छत्री धरून पहाटेपर्यंत तिच्याजवळ बसून राहिलो.

टाकणारा दुसऱ्या दिवशी म्हणाला, "गंमत केली, कोण कोण घाबरतंय बघत होतो."

आमच्याकडं एका निवृत्त मुख्याध्यापकांनी यावर जे केलं ते लागू पडलं. आधी आम्ही काय करायचो, तोच खोटा ऑडिओ पुन्हा टाकून खाली "हे खोटं आहे" लिहायचो. खालचं कुणी वाचत नव्हतं, ऑडिओच पुढं जायचा. सरांनी सांगितलं, खोटं पुन्हा टाकायचंच नाही. ते स्वतःच्या आवाजात अर्ध्या मिनिटात सांगतात, "मी अमुक सर बोलतोय, तहसीलला फोन करून विचारलंय, असं काही नाही, घरात झोपा." गावातली तीन पिढ्यांची पोरं सरांच्या हाताखालून गेलेली. त्या आवाजावर लोक झोपतात. माझी आईसुद्धा.

पालक, लातूर

नीटच्या पालकांचा ग्रुप. एक "पालक" रोज एकाच क्लासबद्दल वाईट लिहायचे, दुसरे एक "पालक" रोज दुसऱ्याची स्तुती. पोरांच्या परीक्षेच्या दिवसांत घराघरांत घालमेल. एका आईनं तोच मजकूर, त्याच चुकांसकट, आणखी दोन ग्रुपवर दाखवला. दोघांनाही विचारलं, पाल्य कोणत्या वर्गात? दोघांनीही त्याच रात्री ग्रुप सोडला. तेव्हापासून नवा माणूस ओळखीच्या दोघांनी हमी दिल्याशिवाय घेत नाही.

अंबाजोगाई, दहावीची जुनी बॅच

सगळे म्हणतात समोरासमोर बसा. मी बसलो. आमचा वर्गमित्र, जयंती असो वा कुणाचा वाढदिवस, भांडण उकरून काढणार म्हणजे काढणारच. मी त्याच्या घरी गेलो, वहिनींनी चहा केला, दोन तास शाळेच्या गप्पा झाल्या, इतकं गोड माणूस! निघताना खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आता नाही बघ." त्याच रात्री अकराला पुन्हा सुरू. सरळ काढून टाकला. लग्नकार्यात भेटतो तेव्हा बोलतो मी त्याच्याशी. ग्रुपवर घेत नाही.

नाव नको, हिंगोली जिल्हा

मी हे करणाऱ्यांतला होतो. वय सव्वीस. पोलीस भरतीची तयारी करायलो होतो, दोनदा मैदानातच बाहेर पडलो. रात्री झोप यायची नाही. तालुक्याच्या ग्रुपवर खाली "टाइप करत आहे" असं दिसायला लागलं की अंगात वेगळंच काहीतरी भरायचं. कोण उत्तर देणार हे मला पाठ होतं. चार काका होते, त्यांच्या पुढाऱ्याचं नाव घेतलं की ते उठलेच. चौघांपैकी कुणी नसेल त्या दिवशी मी टाकायचोच नाही. सकाळी मेसेज डिलीट करायचो, म्हणजे भांडण तेवढं राहायचं आणि माझं मूळ वाक्य कुणालाच सापडायचं नाही. ॲडमिन लोकहो, हे ओळखून ठेवा.

एकदा एकानं नांदेडच्या दवाखान्यातून रक्त पाहिजे म्हणून टाकलं. बी निगेटिव्ह. मी लिहिलं, "रोजचं नाटक." दोघंतिघं माझ्यावर तुटून पडले, मी उत्तरं देत राहिलो. रक्ताचा मेसेज वर गेला. तिसऱ्या दिवशी त्याच ग्रुपवर फोटो आला, हार घातलेला. त्याची बहीण होती. बी निगेटिव्ह माझ्याच गावातल्या एकाचं होतं. मला माहिती होतं, भरतीच्या वेळी आम्ही दोघांनी बरोबर तपासलं होतं.

मला त्यावर कुणी काहीच बोललं नाही. त्यानंतर मी लिहिलं नाही. त्या भावाला भेटायला गेलतो, घराच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन माघारी आलो. परत जायचं आहे.

धागा सुरू करणारा

सगळं वाचलं. हिंगोलीच्या भावा, जाऊन ये.

निलंग्याच्या सरांचं वाचून मी आज आमच्या जुन्या कृषी सहायकांना फोन केला. बदली झाली आहे त्यांची, पण नंबर तोच. तीन वर्षांत पहिल्यांदा बोललो. त्या रात्री मी त्या माणसाला उत्तरं देण्याऐवजी तुमचा मेसेज पुन्हा खाली आणायला हवा होता, साहेब, असं म्हणालो. ते जरा वेळ गप्प राहिले. मग विचारलं, "त्या पोराचं पुढं काय झालं?" दुबार पेरलं, म्हटलं, कसंबसं निघालं. आता हे ठरलंय की शेतीचा प्रश्न आला की त्यांचं उत्तर मी त्यांच्याच आवाजात ग्रुपवर टाकायचं, दर तासाला पुन्हा खाली आणायचं, आणि मधे कुणी काहीही लिहिलं तरी मी एक अक्षर बोलायचं नाही. पहिला प्रश्न त्याच पोराकडून आलाय, बियाण्याच्या उगवणीचा. उत्तर यायचंय.