शब्दचर्चा : ‘पिशाच’ म्हणावे की ‘अंकित’? अ‍ॅस्टेरियनच्या निवाड्यासाठी नेमके शब्द

चर्चाप्रस्ताव – मालवण

बेल्जियममधील लॅरियन स्टुडिओजचा ‘बाल्डर्स गेट ३’ हा संगणकीय खेळ ऑगस्ट २०२३ मध्ये पूर्ण स्वरूपात आला. त्यातील अ‍ॅस्टेरियन या सोबत्यावरून आमच्याकडच्या खेळाडूंमध्ये मराठीतून अजूनही कडाक्याचे वाद होतात. ते ऐकताना मला सारखे जाणवते की भांडणारे दोघे पुष्कळदा एकाच मताचे असतात आणि केवळ निराळ्या शब्दांमुळे निराळ्या निष्कर्षाला पोचतात. म्हणून हा विषय येथे मांडत आहे.

ज्यांनी हा खेळ खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अ‍ॅस्टेरियन हा मूळचा दंडाधिकारी. मरणाच्या दारात असताना कॅझाडोर नावाच्या रक्त पिणाऱ्या धन्याने त्याला अमरत्व देऊ केले आणि कायमचे बांधून घेतले. त्यानंतर दोनशे वर्षे शहरातील माणसांना गोड बोलून धन्याच्या वाड्यावर आणणे हेच त्याचे काम होते. नकार देण्याची सोय नव्हती, कारण धन्याने आज्ञा करताच त्याचे हातपाय त्याला न विचारता चालू लागत. खेळाच्या आरंभी डोक्यात शिरलेल्या एका परजीवी अळीमुळे ही आज्ञा चालेनाशी होते, दोनशे वर्षांनी त्याला ऊन सोसते, आणि तो आपल्या टोळीत सामील होतो. पुढे कॅझाडोरचा वाडा लागतो. तिथे एका अघोरी विधीसाठी सात हजारांवर माणसे, अ‍ॅस्टेरियनसारखीच रक्तपिती करून, कोंडलेली असतात. त्यांतील कित्येकांना अ‍ॅस्टेरियननेच तिथे आणलेले असते. त्या साऱ्यांचे आत्मे सैतानाला देऊन धन्याच्या जागी स्वतः बसायचे, की त्या वाटेला न जाता धन्याला मारून मोकळे व्हायचे, आणि मग त्या कोंडलेल्यांचे काय करायचे, हे ठरवण्यात खेळाडूचा मोठा वाटा असतो.

माझे विचारणे असे आहे : अशा बांधलेल्या रक्तपित्याला मराठीत काय म्हणावे, त्याच्या मागच्या कृत्यांना ‘पाप’ म्हणावे का, त्या विधीला कोणता शब्द द्यावा, आणि कोठडीतल्यांच्या बाबतीत ‘मुक्ती’ हा शब्द चालेल का?

वेंगुर्ले

मालवणच्या ताईंनी पहिला प्रश्न विचारला ते योग्य केले, कारण माझ्या मते उरलेली सारी उत्तरे त्यावरच अवलंबून आहेत.

सुरुवातीला ‘वेताळ’ हा शब्द बाजूला ठेवावा, अशी माझी विनंती आहे. काही भाषांतरांत तो बिनदिक्कत वापरलेला दिसतो. आमच्या तालुक्यात आरवलीचा वेतोबा हा गावाचा राखणदार आहे. रात्री तो गावाची फेरी मारतो आणि त्याच्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा असल्यामुळे नवस फेडताना लोक त्याला मोठाल्या चामड्याच्या वहाणा आणि केळ्यांचे घड वाहतात. संकटात ज्याच्यापुढे गाऱ्हाणे घालायचे त्याचे नाव कॅझाडोरसारख्याला देणे कोकणी कानाला सहन होणार नाही. मुंज्या, समंध, गिऱ्हा यांचाही उपयोग नाही. त्यांतला प्रत्येक जण एखाद्या अपुऱ्या मरणाला किंवा राहून गेलेल्या इच्छेला चिकटलेला आहे, कोणाच्या चाकरीला नाही.

चाकरीच्या अंगाने पाहिले तर आपल्या लोकसमजुतीत जवळची आहे ती बायंगी. ती म्हणे पैसे मोजून आणायची, घरात बांधून ठेवायची, आणि मग ती दुसऱ्याचे ओरबाडून आपल्या मालकाचे घर भरते. ही समजूत मी खरी मानत नाही, परंतु तिच्यातला निवाडा मला महत्त्वाचा वाटतो. शेजाऱ्याचे नुकसान झाले की लोक बायंगीला शिव्या देत नाहीत. ‘ती आणली कोणी?’ असे विचारतात. बांधलेल्याचा दोष बांधणाऱ्याकडे जातो.

तेव्हा धन्यासाठी ‘रक्तपिशाच’ आणि बांधलेल्यासाठी ‘अंकित’ असे दोन वेगळे शब्द मी सुचवतो. ‘अंकित’ म्हणजे ताब्यातला, आणि मुळात अंक उमटवलेला, खूण केलेला. अ‍ॅस्टेरियनच्या पाठीवर कॅझाडोरने सुरीने अक्षरे कोरलेली आहेत, त्यामुळे हा शब्द त्याच्या बाबतीत दोन्ही अर्थांनी खरा आहे.

रत्नागिरी

वेंगुर्ल्याच्या काकांचा ‘अंकित’ मला मान्य आहे. मी वकिली करतो, म्हणून दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो.

दबावाखाली केलेल्या कृत्याचा विचार भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२ मध्ये आहे. जुन्या दंडसंहितेत हेच कलम ९४ होते. तत्काळ मृत्यूची भीती घालून एखाद्याला कृत्य करण्यास भाग पाडले तर तो अपराध ठरत नाही. मात्र खून, आणि मृत्युदंडास पात्र असे राज्याविरुद्धचे अपराध, यांना ही सवलत नाही. म्हणजे ‘मला मारले असते म्हणून मी त्याला मारले’ हा बचाव आपला कायदा स्वीकारत नाही. या कसोटीने पाहणारे खेळाडू अ‍ॅस्टेरियनला दोषी धरतात, आणि त्यांचे म्हणणे टाकाऊ नाही.

परंतु ‘भाग पाडणे’ आणि ‘परवश असणे’ यांत अंतर आहे. भाग पाडलेल्या माणसापुढे भयंकर का होईना, पण निवड असते. परवश माणसापुढे ती नसते. अ‍ॅस्टेरियनचे पाऊल धन्याच्या शब्दावर उचलले जात होते, भीतीचा विचार करून नव्हे. मराठी क्रियापदांत हा फरक स्वच्छ दिसतो : ‘त्याने आणले’, ‘त्याला आणावे लागले’, ‘त्याच्याकडून आणवले गेले’. साक्षीदार यांतले कोणते रूप वापरतो याकडे न्यायालयात आम्ही कान लावून बसतो. वाडवडिलांनी सांगितलेल्या विक्रम-वेताळाच्या गोष्टींत एक अशी आहे : घारीच्या पंजात सापडलेल्या सापाच्या तोंडून विष गळते, ते खाली ठेवलेल्या अन्नात पडते आणि ते अन्न खाणारा मरतो. पाप कोणाचे, असा वेताळाचा प्रश्न. राजा सापाला, घारीला किंवा अन्न देणारीला दोष देत नाही. विचार न करता यांपैकी एकाला जो दोषी म्हणेल त्याला तो दोष लागेल, असे तो म्हणतो. साप परवश होता, हेच त्याचे कारण.

म्हणून मागच्या दोनशे वर्षांसाठी मी ‘पाप’ वापरणार नाही, ‘परवशतेत घडलेले’ म्हणेन. ‘निर्दोष’ हा शब्दही मी त्याला देणार नाही, कारण तो स्वतःच कोठडीपाशी तसे म्हणवून घेऊ शकत नाही.

मालवण

वकीलसाहेबांच्या शेवटच्या वाक्यासाठी मी त्यांची ऋणी आहे, कारण तो प्रसंग मला फार लागलेला आहे. गजांआडचा एक कैदी अ‍ॅस्टेरियनला ओळखतो. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी याच देखण्या माणसावर विश्वास ठेवून तो इथे आला होता. अ‍ॅस्टेरियनला वाटत असते की आपण आणलेले सारे केव्हाच मेले. ते जिवंत आहेत, भुकेले आहेत आणि आपले नाव त्यांच्या लक्षात आहे, हे कळल्यावर त्याच्या बोलण्यातला नेहमीचा नखरा गळून पडतो. ‘पश्चात्ताप’ म्हणावे इतके ते पूर्ण नाही. ‘ओशाळणे’ फार हलके आहे. माझ्या टिपणात मी तिथे ‘वरमणे’ वापरले, तरी तेही अपुरेच पडते.

क्रियापदांविषयी मात्र मला पुढे जायचे आहे. विधीच्या वेळी कॅझाडोरच्या पाठीवर तीच अक्षरे कोरावी लागतात जी अ‍ॅस्टेरियनच्या पाठीवर आहेत. ती त्याला कधीच दिसलेली नाहीत, कारण त्याच्या जातीला आरशात प्रतिबिंब नसते. धन्याने त्याला सांगितले होते की ती एक कविता आहे. प्रत्यक्षात तो सैतानाशी केलेल्या कराराचा तुकडा निघतो. तेव्हा तो खेळाडूकडे वळतो आणि आपली पाठ वाचून देण्याची मदत मागतो. इथे ‘करवले गेले’ संपते आणि ‘केले’ सुरू होते. आज्ञा देणारा जमिनीवर पडलेला आहे, हात मोकळा आहे, सुरी त्याच्या हातात आहे, आणि अक्षरे आपण सांगत आहोत. त्यामुळे ‘त्याने विधी केला, मी फक्त सोबत होते’ हे म्हणणे मला मान्य नाही. मराठीत याला ‘साथ देणे’ म्हणतात, आणि साथ देणाऱ्याचा वाटा असतो.

अशा प्रसंगांसाठी ‘भरीस घालणे’ हाही शब्द नोंदवून ठेवावा. खेळातल्या मूनराइज मनोऱ्यात ड्राउ नावाच्या जमातीची एक बाई अ‍ॅस्टेरियनने आपल्याला चावावे म्हणून मोबदला देऊ करते. तिच्या रक्ताचा त्याला वास नकोसा होतो आणि तो नाही म्हणतो. खेळाडूला त्याला भरीस घालता येते, आणि मोबदल्याच्या मोहाने पुष्कळ जण तसे करतात. ज्याच्या शरीरावर दोनशे वर्षे दुसऱ्याचा हुकूम चालला त्याच्या पहिल्या साध्या नकाराचे आपण काय करतो, याची ती परीक्षा आहे. कोठडीपाशी केलेल्या मोठमोठ्या निवाड्यांपेक्षा मी खेळाडूला इथे जास्त ओळखते.

गुहागर

विधीच्या शब्दाबद्दल थोडेच लिहिते. खेळातल्या नावावरून काहींनी ‘आरोहण’, ‘उन्नयन’, ‘महायज्ञ’ असे शब्द घेतले आहेत. ते सारे चढणाऱ्याच्या बाजूचे आहेत. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या नावातच त्या कृत्याचा मराठी शब्द आहे : नरबळी. स्वतःचे भले व्हावे म्हणून दुसऱ्यांचे जीव अर्पण करण्याला आपल्या समाजाने झगडून हे नाव दिलेले आहे, आणि आकडा सात हजार झाला म्हणून ते बदलण्याचे कारण नाही. ‘मी अ‍ॅस्टेरियनला आरोहण करू दिले’ आणि ‘मी अ‍ॅस्टेरियनला नरबळी देऊ दिला’ ही एकाच कृतीची दोन वर्णने आहेत. दुसरे वाक्य उच्चारूनही ज्याला तो पर्याय योग्य वाटेल त्याने तो जरूर घ्यावा.

त्यानंतरचा अ‍ॅस्टेरियन आपल्या प्रिय व्यक्तीलाही अंकित करून घेतो, एवढे जोडते.

देवगड

‘मुक्ती’ अजिबात चालणार नाही, आणि कारण व्यवहारातले आहे. ‘मी त्या सात हजारांना मुक्ती दिली’ हे वाक्य मी दोन खेळाडूंकडून ऐकले. एकाने त्यांना कोठड्यांतून सोडले होते, दुसऱ्याने मारून टाकले होते. दोघांचाही सूर समाधानाचा होता.

हे घडते ते वेंगुर्ल्याच्या काकांनी म्हटल्याप्रमाणे पहिल्याच शब्दामुळे. एकदा ‘पिशाच’ म्हटले की आपल्या मनात लगेच गती येते. पिशाच म्हणजे अडकलेला जीव, त्याला गती मिळवून देणे पुण्याचे, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची धारणा आहे. मग कोठडीतल्यांना मारणे हा जवळजवळ श्राद्धविधी होऊन बसतो. पण ती माणसे अडकलेले जीव नाहीत. ती बोलतात, नावे सांगतात, घरी जायचे म्हणतात. त्यांत गुर नावाच्या भटक्या जमातीची लहान मुले आहेत आणि त्यांचे आईबाप शहराबाहेर त्यांची वाट पाहत आहेत. त्यांना ‘अंकित’ म्हटले की गतीचा प्रश्नच उरत नाही, सोडवण्याचा उरतो.

दुसरी बाजूही मी झटकणार नाही. सात हजार भुकेली तोंडे एका रात्रीत बाहेर काढणे म्हणजे उभ्या पिकात गुरे मोकाट सोडण्यासारखे आहे, असे जे म्हणतात त्यांना पिकाची, म्हणजे ज्यांचे रक्त सांडेल त्यांची, काळजी आहे. ती काळजी खरी आहे. त्यांनी ‘मुक्ती दिली’ म्हणू नये, ‘इतरांच्या जिवासाठी मारले’ म्हणावे. तो निर्णय मला पटणार नाही, पण त्या वाक्यात मेलेल्यांची नोंद तरी राहते.

मालवण

देवगडच्या दादांचे म्हणणे मी पूर्ण स्वीकारते. मी ‘सोडवले’ हे रूप घेण्याच्या विचारात आहे. ‘सोडले’ म्हणजे दार उघडून बाजूला होणे. ‘सोडवले’ यात पुढची काळजी येते.

वेंगुर्ले

ताई, इथे मात्र मी ‘सोडले’च म्हणेन. खेळात ते सात हजार शहराखालच्या अंडरडार्क नावाच्या अंधाऱ्या प्रदेशात जातात. त्यांना सांभाळायला जातात ती अ‍ॅस्टेरियनची अंकित भावंडे, म्हणजे त्याच धन्याने त्याच्यासारखे बांधून घेतलेले इतर. खेळाडू त्यांच्याबरोबर जात नाही, त्याची मोहीम दुसरीकडे चालू असते. जी काळजी आपण वाहिली नाही ती क्रियापदात घेऊ नये. ‘सोडवले’ हे त्या भावंडांसाठी राखून ठेवावे.

मालवण

मान्य आहे, काका. खेळाडूसाठी ‘सोडले’ आणि भावंडांसाठी ‘सांभाळले’, असा बदल मी टिपणात करून घेते.