अलंकारांची नावं पाठ करून भाषा कळते का?

मंगळवारपेठी
माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, मग हव्या तेवढ्या शिव्या घाला. शाळेतून अलंकारांची नावं काढून टाकावीत. कविता ठेवा, मोठ्यानं वाचून घ्या, अर्थावर पोरांना भांडू द्या. पण 'पुढील ओळीतील अलंकार ओळखा' हा प्रश्न बंद करा.

भाची दहावीला आहे. तिच्या वहीत उपमेखाली (एक गोष्ट दुसरीसारखी म्हणणं) शब्दांची यादी: सम, समान, सारखा, प्रमाणे, परी. उत्प्रेक्षेखाली (एक गोष्ट जणू दुसरीच आहे अशी कल्पना) दुसरी: जणू, गमे, वाटे, भासे, की. म्हणजे ओळ वाचायचीच नाही, त्यात शब्द तेवढा हुडकायचा. मी मुद्दाम वाक्य घातलं, 'तो असा निघून गेला, जणू ओळखच नाही.' पटकन उत्तर आलं, उत्प्रेक्षा. कशावर कशाची कल्पना केली, विचारलं तर गप्प.

आणि हे शास्त्र वाढलं तेही असंच. भरताच्या नाट्यशास्त्रात अलंकार चार: उपमा, रूपक, दीपक, यमक. सोळाव्या शतकात अप्पय्य दीक्षितांच्या कुवलयानंद या अलंकारग्रंथापर्यंत ते शंभरावर गेले. माणसांची बोलायची तऱ्हा काय पंचवीसपट झाली होती? खुद्द मम्मट हा काव्यशास्त्रकार अकराव्या शतकात काव्याची व्याख्या करताना म्हणून गेला की अलंकार नसले तरी चालतील. मग आमच्या पोरांच्या मागे का लागता?

निवृत्त_राजारामपुरी
मम्मट अर्धा सांगितलात. शब्द आणि अर्थ निर्दोष हवेत, गुणयुक्त हवेत, आणि अलंकार *क्वचित* नसले तरी चालतील, असं तो म्हणतो. 'क्वचित' गाळल्यावर व्याख्या तुमच्या बाजूची वाटणारच.

शब्दांच्या यादीबद्दलचा राग मात्र रास्त आहे, फक्त तो चुकीच्या माणसांवर निघतोय. काव्यादर्श या ग्रंथात दंडी या जुन्या शास्त्रकारानं नेमकं हेच बजावलंय. 'लिम्पतीव तमोऽङ्गानि', म्हणजे अंधार जणू अंगाला लेप देतोय. यात 'इव' ऐकून काही जणांना उपमेचा भ्रम होतो, असं तो स्पष्ट म्हणतो. उपमान, म्हणजे जिच्याशी तुलना करायची ती गोष्ट, व्हायला एखादी वस्तू लागते, इथे तर क्रियापद आहे, मग तुलना कशाशी? म्हणून ही उत्प्रेक्षा. यादी बघून अलंकार ठरवू नका हे हजार वर्षांपूर्वी सांगून झालंय. गाइडवाल्यांनी ते ऐकलं नाही तर तो शास्त्राचा दोष कसा?

तुमच्या वाक्यातही क्रियेवरच कल्पना आहे बरं का. भाचीचं उत्तर खोडायचं तर तुम्हालाच चार ओळी लिहाव्या लागतील.

मंगळवारपेठी
सर, म्हणजे ती न समजता बरोबर आली. माझा मुद्दा तोच आहे.

फ्लेक्सचं_दुकान
मास्तर, शास्त्र ऱ्हाऊ द्या बाजूला, धंद्याचं सांगतो. वाढदिवसाचा बोर्ड. मी लिवलं, 'वाघासारखं काळीज असलेला नेता'. गिऱ्हाईक म्हंतंय, 'सारखं' काढ. मग केलं, 'कोल्हापूरचा वाघ'. खूश! त्यातलंच एक जरा पुढचं निघालं. म्हणालं, माझा फोटूच नको, नुस्ता वाघ लाव, चौकात सगळ्यांना कळतंय कोण ते. तिन्ही बोर्ड एकाच मापाचे, पण माज बगा कसा वाढत गेला. आता ह्याला तुमी काय म्हंता?

निवृत्त_राजारामपुरी
पहिली उपमा. दुसरं रूपक, माणूस आणि वाघ एकच. तिसऱ्यात माणूस बोर्डावरून गायबच झाला, वाघानं त्याला गिळला. त्याला रूपकातिशयोक्ती म्हणतात, आणि शास्त्रकार तिथे 'निगीर्ण' म्हणजे गिळलेलं, हाच शब्द वापरतात.

फ्लेक्सचं_दुकान
गिळलेलं! 😂 त्या गिऱ्हाइकाला सांगू का?

मंगळवारपेठी
बघा, दुकानदाराला एकही नाव माहीत नव्हतं आणि तिन्ही बोर्ड त्यानं बरोबर छापले. यापेक्षा मोठा पुरावा कुठला देऊ?

टेंबलाईवाडी_ताई
दादा, बोर्ड छापणाऱ्याचं नावावाचून चालतं हो. मी चौकात उभी राहून तो वाचते, त्याचं काय? 'सारखं' गळालं की एक दावा माझ्या गळ्यात पडला. सारखा म्हटलं तर मी विचारू शकते, कशात सारखा? वाघ म्हटल्यावर तो प्रश्न विचारायला जागाच राहत नाही. निवडणुकीत हे रोज चालतं. उपमेला साधारण धर्म असतो, कशाच्या बाबतीत साम्य आहे ते, एवढं जरी पोरांच्या डोक्यात बसलं तरी ती भाषणं वेगळ्या कानानं ऐकतील.

मंगळवारपेठी
पटतंय, पण 'कशात सारखा?' हा प्रश्न शिकवायला 'साधारण धर्म' हा शब्द कशाला लागतो?

टेंबलाईवाडी_ताई
दुसऱ्या ओळीत तोच प्रकार दिसला की पुन्हा पहिल्यापासून समजावत बसायला लागू नये म्हणून.

खाऊगल्ली
शंभर अलंकारांची टिंगल झाली म्हणून लिहितोय, जरा लांबेल.

कुवलयानंदात अतिशयोक्तीचे पोटप्रकार दिलेत. मलाही पहिल्यांदा वाटलं, रिकामटेकड्यांचा उद्योग. त्यातले तीन प्रकार कारण आणि परिणाम यांच्या वेळेवर खेळतात. दोन्ही एकदमच घडले तर अक्रमातिशयोक्ती. कारणाची नुसती चाहूल लागली आणि परिणाम होऊनही गेला तर चपलातिशयोक्ती. परिणाम आधी आणि कारण मागून आलं तर अत्यंतातिशयोक्ती.

आता आपल्या कोल्हापुरात या. 'जाळ आणि धूर संगटच.' एकामागून एक यायच्या गोष्टी एकदम. ही अक्रम, तंतोतंत! 'खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी.' नीट बघा, गोळी सुटलेलीच नाही. बोट खटक्यावर टेकलं एवढ्यावरच समोरचा आडवा. म्हणजे चपला. तिसरीला फडतऱ्यांची नाहीतर बावड्याची, कुठल्याही मिसळीची आठवण काढा: 'कट पानात पडायच्या आधीच घाम.' अत्यंत.

ही वाक्यं मी इतकी वर्षं ऐकतोय, बोलतोय, रिक्षाच्या मागं वाचतोय. दोन्ही 'लई भारी' एवढंच म्हणायचो. पहिल्यात वेग आहे आणि दुसऱ्यात दरारा आहे, हा फरक मला ते तीन खण हातात आल्यावर दिसला.

रंकाळा_टॉवर
एवढं लांब नाव उच्चारेपर्यंत मिसळ गार झाली की भावा.

मंगळवारपेठी
@खाऊगल्ली, झकास. पण 'जाळ आणि धूर' ज्यानं पहिल्यांदा म्हटलं त्यानं अप्पय्य दीक्षित वाचले नव्हते हे नक्की.

खाऊगल्ली
त्याला गरजच नव्हती. मी त्याच्यासाठी लिहिलंच नाही, ते वाक्य ऐकणाऱ्यासाठी लिहिलंय.

डफवाला
आमच्याकडं कलगी-तुऱ्यात, म्हणजे शाहिरांच्या सवाल-जबाबात, कलगीवाले शक्तीच्या बाजूनं, तुरेवाले शिवाच्या. सवाल पडला की जबाब तिथल्या तिथं द्यायचा असतो. सवालात एका शब्दाचे दोन अर्थ लपलेले असतात, ते धरता आले नाहीत तर सगळ्यांसमोर हार. श्लेष हे नाव मला फार उशिरा कळलं, पण धरायला गुरूनं मारून मारून शिकवलं होतं. तेव्हा दोन्ही बाजूंना माझा थोडा थोडा विरोध.

शाहूपुरी_ग्रंथप्रेमी
माधव जूलियन याच गावात राजाराम कॉलेजात शिकवायचे. फारसीचे पंडित, मराठीत गझल रुजवणारे, आणि 'छंदोरचना'सारखा वृत्तांवरचा जाडजूड शास्त्रग्रंथही त्यांचाच. नावं आणि नियम शिकून कविता मरते म्हणणाऱ्यांनी त्यांच्याकडे बघावं.

मंगळवारपेठी
वृत्ताचं उदाहरण इथे लागू नाही. वृत्त चुकलं की कानाला लगेच खटकतं, पोरगं स्वतःच दुरुस्त करतं. अलंकाराचं नाव चुकलं तर फक्त गुण जातो, ओळीला काहीच होत नाही.

शाहूपुरी_ग्रंथप्रेमी
हे मात्र मान्य करायला लागेल. तरी बातम्यांत सरळसरळ विसंगतीला 'विरोधाभास' म्हणतात तेव्हा मला खटकतं. विरोधाभासात विरोध वरवरचा असतो, नीट बघितलं की मिटतो. मंत्र्यानं सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरं सांगितलं तर त्यात आभास कुठला?

मंगळवारपेठी
ठीक आहे, मग प्रश्नच बदला. ओळ द्या आणि विचारा, यातला 'सारखा' काढला तर काय बदलेल? तीन वाक्यांत लिहा. नाव लिहिलं तर उत्तम, नाही लिहिलं तरी पूर्ण गुण.

निवृत्त_राजारामपुरी
तपासणार कोण? मी परीक्षा बोर्डाच्या पेपरांचे गठ्ठे तपासलेत. तीन वाक्यांची उत्तरं आली की दोन परीक्षकांचे गुण कधी जुळत नाहीत आणि पालक फेरतपासणीला उभे राहतात. एका शब्दाचं उत्तर सोयीचं म्हणून टिकलंय, दंडी किंवा मम्मट यांच्यामुळे नाही.

टेंबलाईवाडी_ताई
सर, हे तुम्ही पहिल्याच उत्तरात सांगितलं असतं तर निम्मी चर्चा वाचली असती.

फ्लेक्सचं_दुकान
मास्तर, एक अर्जंट हाय. उद्याच्या बोर्डावर 'विकासाचा महामेरू' पायजे म्हणत्यात. ह्यो कुठला?

निवृत्त_राजारामपुरी
रूपक. पण मेरू जागचा हलत नाही, एवढं गिऱ्हाइकाच्या कानावर घाला.

फ्लेक्सचं_दुकान
ॲडव्हान्स घेतल्यावर घालतो.