माथेरानच्या वाफेच्या इंजिनाचे मॉडेल वळणावर घसरते

प्रश्न (नौपाडा, ठाणे)

नमस्कार. नेरळ-माथेरान मार्गावरील वाफेच्या इंजिनाचे १:१९ प्रमाणातील मॉडेल मी गेले आठ महिने घरी तयार करीत आहे. दोन फुटी रुळांचे या प्रमाणात बरोबर ३२ मिलिमीटर होतात, म्हणून हे प्रमाण निवडले. लहानपणी वडिलांसोबत याच इंजिनामागच्या डब्यात बसून मी माथेरान गाठले होते, त्यामुळे हे काम माझ्यासाठी नुसता वेळ घालवण्याचा उद्योग नाही. सांगाडा छायाचित्रांवरून मोजमाप काढून चाकांच्या बाहेरच्या बाजूने बसवला आहे. चाके पोलादी, रूळ पितळी आणि मोटर बॅटरीवरची आहे.

सरळ रुळावर इंजिन उत्तम धावते. गच्चीवरच्या पाऊण मीटर त्रिज्येच्या वळणावर मात्र पुढचे चाक बाहेरच्या रुळावर अलगद चढते आणि घसरते. त्या जागी रुळाच्या आतल्या कडेला पितळेची बारीक पूड साचलेली दिसते. सहाही चाके एकमेकांना दांड्यांनी जोडलेली असताना खरे इंजिन घाटातील इतकी तीव्र वळणे कशी घेत असे?

उत्तर १ (ऐरोली)

प्रथम चाकांच्या आतल्या बाजूंमधील अंतर तिन्ही आसांवर सारखे आहे का, ते तपासावे. ते सारखे असेल, तर मधल्या दोन्ही चाकांचे फ्लँज (चाक रुळावर धरून ठेवणारी आतल्या बाजूची उंच कडा) लेथवर काढून टाकावेत. सहा चाकांच्या मॉडेलांना हा उपाय बहुतेक वेळा लागू पडतो.

उत्तर २ (नेरूळ)

वरचा उपाय चुकीचा नाही, पण या इंजिनावर तो करू नये अशी माझी आग्रहाची विनंती आहे, कारण मग या इंजिनाचे जे खरे वैशिष्ट्य आहे तेच मॉडेलातून निघून जाईल.

सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून आणि त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांच्या देखरेखीखाली हा मार्ग उभा राहिला आणि १९०७ साली सुरू झाला. १ : २० इतका चढ आणि पावलोपावली वळणे असलेल्या या मार्गासाठी जर्मनीतील ऑरेनस्टाइन आणि कॉपेल कंपनीने ७३८ ते ७४१ या क्रमांकांची चार इंजिने बांधली. त्यांचा आराखडा एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांचा, म्हणजे आपल्या बार्शी लाइट या अरुंद रुळांच्या रेल्वेचे जे कर्ते, तेच हे. चढासाठी इंजिनाचे सगळे वजन चालत्या चाकांवर हवे आणि वळणासाठी टोकाची चाके मोकळी हवीत, असा हा पेच होता. तो क्लीन-लिंडनर आसाने सोडवला.

या रचनेत टोकाचा आस दुहेरी असतो. आतला भरीव आस सांगाड्याच्या बेअरिंगमध्ये काटकोनात फिरतो आणि त्याच्या टोकांना बाहेर क्रँक, म्हणजे जोडदांड्या ज्यांना अडकवतात ते हात, असतात. त्याच्यावर एक पोकळ आस चढवलेला असतो आणि चाके या पोकळ आसावर असतात. दोन्ही आस फक्त मध्यभागी, एका गोलाकार सांध्यावर भेटतात आणि तेथील आडवी पिन फिरण्याचा जोर बाहेरच्या आसाला देते. वळण आले की चाके पोकळ आसासह थोडी तिरपी होतात, पण आतला आस जागचा हलत नाही, म्हणून जोडदांड्यांना त्याचा पत्ताही लागत नाही.

आपण सांगाडा बाहेरून बसवला आहे, म्हणजे निम्मे काम झालेच आहे. ३ मिलिमीटरचा पोलादी आस घ्यावा, त्याच्या मध्यावर कडा गोलावलेली ५ मिलिमीटरची चकती घट्ट बसवावी आणि त्यावरून जेमतेम सरकेल अशी पितळी नळी घ्यावी. चकतीतून दीड मिलिमीटरची पिन आरपार घालावी. नळीतील पिनेची भोके मात्र गोल न ठेवता आसाच्या लांबीच्या दिशेने लांबट कोरावीत. भोके गोल राहिली, तर पिन आडवी येईल तेव्हा नळी अडकेल आणि इंजिन प्रत्येक फेऱ्यात दोनदा झटका देईल. मोटर मधल्या आसावरच ठेवावी. रुळांतून वीज घ्यायची नसल्याने दोन बाजूंची चाके विलग करण्याची खटपट आपल्याला नाही.

प्रश्नकर्ता (नौपाडा, ठाणे)

आपले मनःपूर्वक आभार. कालच्या रविवारी पुढचा आस आपण सांगितल्याप्रमाणे केला. पहिल्या खेपेस भोके आखूड राहिली आणि नेमका तोच झटका बसला, म्हणून कानशीने ती दोन्ही बाजूंना अर्धा मिलिमीटर वाढवली. आता पुढे जाताना इंजिन संपूर्ण वळण न घसरता पार करते, आणि वरून पाहिले तर क्रँक सरळ फिरत असताना आतली चाके रुळाकडे कललेली स्पष्ट दिसतात. उलट दिशेने अजून घसरते, कारण मागचा आस जुनाच आहे.

आणखी एक विचारतो. पाटीवर कोणता क्रमांक घालावा?

उत्तर २ (नेरूळ)

चारांपैकी कोणताही चालेल. ७४० हे इंजिन पुढे इंग्लंडला गेले आणि लेटन बझर्डच्या अरुंद रुळांच्या रेल्वेकडे आहे. माझे मत विचाराल तर तोच क्रमांक घालावा, म्हणजे त्यातले एक ठाण्यात परत आल्यासारखे होईल. मागचा आस करताना नळी त्याच मापाची घ्यावी.