शब्दचर्चा : ‘सर्व्हर’ सुट्टीवर जातो, रजेवर जातो की खाडा करतो?

साखरपेठकर :
रांगांच्या गणितावरील टिपणे मराठीत लिहीत असताना एका शब्दापाशी अडलो आहे. सेवा देणारा ‘सर्व्हर’, म्हणजे सेवक, काही काळ जागेवर नसतो, अशा प्रारूपांना इंग्रजीत ‘व्हेकेशन’ म्हणतात. मी ‘सेवकाची सुट्टी’ असे लिहिले, तर मसुदा वाचणाऱ्या विद्यार्थिनीने समासात पेन्सिलीने ‘पगारी की बिनपगारी?’ असे विचारले. तिची शंका रास्त आहे, कारण लेव्ही आणि येखियाली या संशोधकांच्या १९७५ च्या लेखाचा विषयच मुळी सेवकाचा रिकामा वेळ दुसऱ्या कामी लावणे हा होता. हा सेवक आराम करत नाही, केवळ खिडकीवर नसतो.

जुनी पाळी :
माझे वडील इथल्याच, सोलापुरातल्या एका गिरणीत जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करून देणारे, होते. धोटा अडकून माग बंद पडला की विणकर त्यांची वाट पाहत बसे, म्हणजे बंद माग ही रांग आणि वडील हे आपले सेवक. ते नसले की खात्यात एकच शब्द ऐकू येई : खाडा. हा ‘खंड’ याचाच धाकटा भाऊ असावा, असे मला नेहमी वाटत आले आहे. तयार शब्द घरात असताना नवा घडवण्याचे कारण काय?

शुद्धमती :
शास्त्रीय टिपणात ‘खाडा’ शोभत नाही आणि ‘रजा’ तर अरबीतून आलेली. ‘विराम’ हा निर्दोष शब्द आहे. ‘अवकाश’ मात्र नको, कारण हिंदीत त्याचा अर्थ सुट्टी असला तरी मराठीत ‘अजून अवकाश आहे’ म्हणजे अजून वेळ आहे.

साखरपेठकर :
‘विराम’ म्हटले की पुन्हा विश्रांतीच डोळ्यांसमोर येते. शिवाय २००२ मध्ये सर्व्ही आणि फिन यांनी जे प्रारूप मांडले, त्यात सेवक या काळातही काम करतो, फक्त संथपणे. त्याला ‘कार्यरत विराम’ म्हणायचे का? ‘खाडा’ मला आवडला, पण तो अवचित होतो. इथे सेवक नियमाने जातो : रांग संपली की उठायचे, परतल्यावर कोणी नसेल तर पुन्हा जायचे. मधेच यंत्र मोडले, तर तो बिघाड, आणि त्याचे गणित वेगळे. या जाण्याच्या कालावधीवर पुष्कळ अवलंबून असते. गिऱ्हाइके यादृच्छिकपणे येत असतील आणि प्रत्येक फेरी नेमकी १० मिनिटांची असेल, तर सरासरी प्रतीक्षेत ५ मिनिटांची भर पडते. फेरीची सरासरी १० मिनिटेच, पण लांबी घातांकी वितरणाची (म्हणजे बऱ्याच फेऱ्या आखूड, थोड्या फार लांब) असेल, तर भर १० मिनिटांची होते, कारण येणारा माणूस लांबलेल्या फेरीतच सापडण्याची शक्यता अधिक असते.

पूर्वभाग :
नियमाने जाणे असेल तर ‘रजा’च योग्य. मूळ अरबी अर्थच संमती असा आहे, मग शुद्धमतींचा आक्षेप उलट शब्दाच्या बाजूने जातो. आमच्या घरी तेलुगूत ‘सेलवु’ म्हणतात. गंमत अशी की निरोप घेतानाही तोच शब्द येतो, जशी आपण मराठीत पाहुण्यांकडून रजा घेतो. शेजारचे कन्नड कुटुंब ‘रजे’ म्हणते. सोलापुरात तरी हा शब्द कोणाला परका नाही.

शुद्धमती :
शेजाऱ्यांनी उचलला म्हणून उसना शब्द आपला होत नाही.

पूर्वभाग :
मग ‘गिरणी’ आणि ‘जॉबर’ यांनाही निरोप द्यावा लागेल.

साखरपेठकर :
कृपया मूळ प्रश्नाकडे यावे. जुनी पाळी, वडील चहाला गेले तर त्याला खाडा म्हणत का?

जुनी पाळी :
नाही, हे मान्य करावे लागेल. चहाला गेले तर ‘आत्ता येतील’ एवढेच म्हणत. खाडा अख्ख्या पाळीचा असे.

बाळीवेसकर :
दुधाचा खाडा कोणी विसरू नये. आमची आई कॅलेंडरवर फुली मारत असे : दूधवाला आला नाही तरी फुली आणि आम्ही गावाला गेलो तरी फुली. म्हणजे गैरहजर सेवक की गिऱ्हाईक, हे या शब्दातून कळतच नाही.

जुनी पाळी :
दूधवाल्याला तर बरोबर कळत असे. आमच्याकडे महिनाअखेरीस एकेका फुलीवरून दारात अर्धा तास हुज्जत चाले.